वचनसंग्रह : एक घरगुती व्रत
(माजलगाव येथे तेली समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वधूवर-परिचय, शिष्यवृत्ती, वसतिगृह असे निकडीचे विषय समोर असताना सुवचने जमविण्याच्या छंदावर आम्ही आपला वेळ घ्यावा, हे काहींस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या कार्यामुळे आपल्या समाजाचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले, ते कार्य नेमके हेच होय.

चाकणचे संताजी जगनाडे घाण्याचा पिढीजात व्यवसाय करीत. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत त्यांची गणना होते. तुकोबांचे अभंग त्यांनी वहीत उतरून घेतले. पुढे विनायक लक्ष्मण भावे यांनी १९१९ साली अस्सल गाथा प्रसिद्ध केली, ती याच वह्यांच्या आधारे. संताजी पंडित म्हणून नावाजलेले नव्हते. त्यांच्या वह्यांस मोल आले ते दोन कारणांनी : ते बोलणाऱ्याच्या निकट होते, आणि ऐकलेले त्यांनी लिहून ठेवले. ही दोन्ही साधने आज आपल्यापैकी प्रत्येकाजवळ आहेत.

सुवचनांचा तुटवडा मात्र आज कोठेच नाही. शाळेचा फळा, दिनदर्शिकेचे पान, मालमोटारीची पाठ, सर्वत्र ती दिसतात. आणि पहाटे मोबाइल उघडावा तो दहा वचने दारात उभी! परंतु त्यांतील पुष्कळ वचने बेवारशी असतात. एकाचे वाक्य दुसऱ्याच्या छायाचित्राखाली छापले जाते, आणि आपण ते तिसऱ्यास पाठवितो.

आपल्या धंद्यातलेच उदाहरण घेऊ. वाळू रगडून तेल काढण्याची प्रसिद्ध ओळ प्रयत्नाचा महिमा म्हणून भिंतीभिंतींवर लिहिलेली असते. भर्तृहरीच्या नीतिशतकातील श्लोकाचे ते वामनपंडितांनी केलेले मराठी रूप. मूळ श्लोकाचा रोख मात्र निराळा आहे. एक वेळ वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, सशाचे शिंगही सापडेल. पण हटवादी मूर्खाचे मन वळविता येणार नाही, असे कवीस म्हणावयाचे आहे. म्हणजे ही अशक्य गोष्टींची यादी झाली! ज्यांच्या वाडवडिलांनी लाटेखाली खराखुरा तीळ आणि करडई रगडली, त्यांस तरी वाळूतून तेल निघत नाही हे ठाऊक असावयास हवे. लोकांनी त्या ओळीस नवा अर्थ दिला, तोही आदरणीयच आहे. परंतु संग्राहकास दोन्ही अर्थ माहीत असावेत.

दुसरे उदाहरण आपल्या माजलगावचेच. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्यांची संख्या लाखावर गेली. १९९६ साली येथील भीमनगरातील स्त्रियांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्या या कार्यात ध्वनिमुद्रित झाल्या. आज ते आवाज जगात कोठेही ऐकता येतात. ज्या बायाबापड्यांचा शब्द विचारावयास पूर्वी कोणी येत नसे, त्यांचाच शब्द टिकला. आपल्याही आज्या-आत्यांनी जन्मभर दळण दळले. त्यांच्या किती ओव्या आपल्या संग्रही आहेत? पिठाची गिरणी आली आणि जाते अंगणात पडले. तेलाच्या गिरण्या आल्या आणि घाणा थांबला. वस्तू मोडीत निघाली की तिच्याबरोबरची बोलीही हळूहळू निघून जाते.

म्हणून प्रत्येक घरात एक वही असावी. वचन जसे ऐकले तसेच, बोलीसकट लिहावे; ते शुद्ध करण्याच्या भरीस पडू नये. खाली बोलणाऱ्याचे नाव, गाव, दिवस आणि प्रसंग नोंदवावा. छापील वचन असेल तर ग्रंथाचे नाव व पृष्ठ लिहावे. कर्ता ठाऊक नसेल तेथे जागा कोरी सोडावी. थोर पुरुषाचे नाव उसने आणून चिकटवू नये. प्रवासात तर ही वही अवश्य जवळ बाळगावी. अधिक मासात पुरुषोत्तमपुरीस गोदातीरी जमणारे यात्रेकरू, पंढरीच्या वाटेवरील वारकरी, ऊसतोडीस निघालेली आपल्याच जिल्ह्यातील कुटुंबे, आठवडी बाजारातील म्हातारी माणसे, यांच्या तोंडी असे शहाणपण आहे की ते अद्याप कोणत्याही पुस्तकात आलेले नाही.

प्रसंगाची नोंद कशासाठी, असे कोणी विचारील. धीर धरा, असे तर कोणीही सांगतो. पण १९७२ च्या दुष्काळात दिवसभर खडी फोडून आलेल्या मातेने उपाशी लेकरांस तेच सांगितले असेल, तर त्या दोन शब्दांचे वजन निराळे होते. परीक्षेत अपयश आलेल्या नातवास अशा शब्दाचा आधार वाटतो, कारण तो त्याच्याच रक्ताच्या माणसाने सोसून मिळविलेला असतो. त्या दुष्काळात ज्यांनी संसार ओढला, ती पिढी आता फार थोडी उरली आहे. हे काम पुढील वर्षावर टाकण्यासारखे नाही.

चालकांस आमची विनंती आहे की, पुढील स्मरणिकेची काही पृष्ठे यासाठी राखून ठेवावीत, आणि प्रत्येक घराने बोलणाऱ्याच्या नावानिशी एक तरी वचन पाठवावे. संताजींची जयंती आपण थाटाने साजरी करतो, ते योग्यच आहे. परंतु मिरवणुकीतून परतल्यावर घरातील वृद्धांजवळ घटकाभर बसून त्यांचे बोलणे उतरून घेणारा तरुण संताजींचा खरा वारसदार होय, असे आम्ही मानतो.