नावेतली एक भाकरी

लोकलमध्ये असाल, बसमध्ये असाल, हेडफोन नीट लावा. आज थोडंच बोलणार आहे.

मागच्या वर्षी माझ्या रूममेटची नोकरी गेली. एका रात्री त्याने विचारलं, "दोन महिने माझं भाडं भरशील का?" मी हो म्हटलं नाही. "सकाळी सांगतो" म्हटलं आणि एक्सेल शीट उघडली. ईएमआय, घरी पाठवायचे पैसे, आणि उद्या माझीच नोकरी गेली तर? शेवटी उत्तर आलं, जमणार नाही.

झोप येईना म्हणून योहानाचं शुभवर्तमान काढलं, अध्याय ६. तिथे फिलिप्पही हेच करतोय. समोर ५००० पुरुष, बायका-मुलं वेगळी. तो म्हणतो, २०० दिनारांच्या भाकरीही पुरणार नाहीत. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा महिन्यांपेक्षा जास्त कमाई घातली, तरी प्रत्येकाला घासभरच!

फिलिप्पाचा हिशोब चुकलेला नव्हता बरं का. पण हीच गोष्ट मार्कमध्ये वाचा. किती कमी पडतंय, हे येशू विचारत नाही. तुमच्याजवळ किती आहे ते जाऊन बघा, असं सांगतो. आणि निघतं काय? योहान सांगतो, एका मुलाजवळच्या पाच भाकरी, दोन मासे. भाकरीसुद्धा जवाच्या, म्हणजे गरिबाघरच्या. तेवढ्यावरच येशू आभार मानतो आणि वाटायला लागतो. सगळे जेवतात. मग उरलेले तुकडे गोळा करायला लावतो, कारण भरपूर आहे म्हणून वाया घालवायचं नसतं. १२ टोपल्या भरतात.

पण मला खरी टोचते ती मार्क ८ मधली गोष्ट. तोपर्यंत आणखी ४००० लोक जेवलेत. शिष्य नावेत बसलेत, सोबत एकच भाकरी, आणि त्यांची कुजबुज सुरू. येशू विचारतो, तेव्हा टोपल्या किती भरल्या होत्या? ते अचूक सांगतात, १२ आणि ७. आकडे तोंडपाठ, पण भीती तशीच. आणि भाकरी देणारा त्याच नावेत बसलाय! मित्रांनो, तो शिष्य मीच होतो.

सकाळी मी रूममेटला सांगितलं, "दोन महिन्यांचं नाही जमणार, एका महिन्याचं मी भरतो." रविवारी उपासनेनंतर, त्याला विचारूनच, दोन-तीन मित्रांशी बोललो. दुसऱ्या महिन्याचं भाडं सगळ्यांनी मिळून जमवलं.

दिलं की देव दुप्पट परत करतो, असं मी सांगणार नाही. माझ्या खात्यात काही चमत्कार झाला नाही, उलट तो महिना ओढाताणीचाच गेला. पण आदल्या रात्री शीटमध्ये मी फक्त माझ्याच भाकरी मोजल्या होत्या, एवढं कळलं.

या आठवड्यात कुणी काही मागितलं, तर "नाही" म्हणायच्या आधी एकदा जाऊन बघा, तुमच्याजवळ किती आहे. कमी असेल, तर तेवढंच घेऊन या.

देव तुम्हाला आशीर्वाद देवो. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!