टक्का किती, हे शेवटी विचारा

श्रोतेहो, घर विकायला काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एजंट किती टक्के घेतो?" पुणं असो, ठाणं असो, डोंबिवली असो, उत्तरही साधारण ठरलेलंच. एक किंवा दोन टक्के, आणि तेवढेच घेणाऱ्याकडून. मग घरातलं कुणीतरी अर्ध्या टक्क्यावाला शोधून आणतं आणि चारचौघांत मिरवतं. मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. टक्का किती, हे शेवटी विचारा. दलाली कशावर, कधी आणि कुणाकुणाकडून, हे आधी विचारा. आणि उत्तर कागदावर घ्या.

दळणाचंच बघा ना. किलोमागे दोन रुपये कमी पडतात म्हणून आपण दोन गल्ल्या सोडून पलीकडच्या गिरणीत जातो. डबा घरी आला की पाच किलो गव्हाचं पीठ किती भरलं, हे कोण तोलून बघतं? आधीच्या कुणाची ज्वारी जात्यात राहिलेली असते, ती आपल्या कणकेत उतरते. पोळ्या तुटायला लागल्या की आपण नावं ठेवतो ती गव्हाला! गिरणीच्या पाटीवर दर असतो, घट नसते. घराच्या सौद्यातली घट म्हणजे तुमच्या हातात कमी आलेली किंमत.

आकडेच घेऊ. तुमच्या घराला ८० लाख यायला हवेत. एक टक्क्यावाला ८० हजार घेणार, अर्ध्या टक्क्यावाला ४० हजार. वाचले ४० हजार. आता त्या अर्ध्या टक्क्यावाल्याचा फोन येतो, "काका, पार्टी रेडी आहे, ७८ म्हणतायत, उद्या टोकन देतात." ७८ ला सौदा झाला तर तुमचे दोन लाख गेले. त्याचे किती गेले? हजार रुपये. तो लबाड आहे असं मी म्हणत नाही. हजार रुपयांसाठी आणखी दोन महिने चपला झिजवण्यापेक्षा उद्याचं टोकन त्याला परवडतं, इतकंच. एक टक्क्यावाल्याचेही दोनच हजार जातात, म्हणून तोही घाई करेल. तेव्हा पीठ तुम्हीच तोलायचं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. शेजारच्या इमारतीतले फ्लॅट कितीला गेले, ते तिथे इंडेक्स टूवर वाचायला मिळतं. एजंटला घर दाखवायच्या आधी हे बघून ठेवा. ७८ ची पार्टी आली की मग तुमच्याकडे बोलायला काहीतरी असतं.

आता "कशावर". काही जण म्हणतात, "मला ब्रोकरेजच नको. तुम्ही नेट किती पाहिजेत ते सांगा, वरचे माझे." ऐकायला किती गोड! तुम्ही म्हणालात ७५, त्याने गिऱ्हाईक आणलं ८० चं. वरचे पाच लाख म्हणजे सव्वासहा टक्के दलाली झाली, आणि तुम्ही समजताय फुकटात काम झालं. बरं, करारनाम्यावर कोणता आकडा येणार? ८० लिहिले तर त्या पाच लाखांच्या नफ्याचा हिशेब प्राप्तिकर खातं तुमच्याकडे मागणार. ७५ लिहिले तर वरचे पाच रोखीत फिरणार, आणि त्या कागदावर सही तुमची. नेट रेटवाल्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

"कधी"ला लोक सगळ्यात जास्त फसतात. टोकन आलं की एजंट पेढे घेऊन येतो आणि दलालीही मागतो. पुढे गिऱ्हाईकाचं कर्ज बँकेत अडकतं, सौदा मोडतो, टोकन परत द्यावं लागतं. दलाली मात्र परत येत नाही. म्हणून आधीच लिहून घ्या: करारनामा नोंदला गेला की अर्धी, बँकेचा शेवटचा चेक जमा झाला की उरलेली. टोकनवर काही नाही. चांगला एजंट याला नाही म्हणत नाही. म्हणालाच, तर कसा माणूस आहे ते तरी कळलं.

आणि बिल. "रोख द्या, जीएसटी वाचेल" ही सवलत नीट मोजा. ८० हजारांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे १४ हजार ४०० रुपये, एकूण ९४ हजार ४००. पण पावती असेल तर ही सगळी रक्कम विक्रीचा खर्च म्हणून भांडवली नफ्यातून वजा होते. नफ्यावर साडेबारा टक्क्यांनी कर बसणार असेल, तर ११ हजार ८०० रुपयांचा कर वाचतो. म्हणजे रोखीने खरे वाचले २ हजार ६००. तेवढ्यासाठी हातात कागदाचा तुकडाही नाही! उद्या त्याने "माझी दलाली राहिली" म्हटलं, तर काय दाखवणार?

महारेराचा नोंदणी क्रमांक विचारा, असं सगळे सांगतात. जरूर विचारा. २०२३ मध्ये महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षेची अट आणली, ते चांगलंच झालं. पण ही नोंदणी लागते ती महारेराकडे नोंदवलेल्या प्रकल्पांतल्या व्यवहारांसाठी. तुमच्या तीस वर्षं जुन्या सोसायटीतल्या फ्लॅटचा सौदा त्यात बसत नाही. नंबर आहे म्हणून कागद करायचा राहू देऊ नका. पुन्हा सांगते: कशावर, कधी, कुणाकुणाकडून. दोन्हीकडून घेणार असेल तर तेही त्याच कागदावर येऊ द्या, म्हणजे किमतीची ओढाताण सुरू झाली की तो तुमच्या एकट्याचा माणूस नाही, हे लक्षात राहतं.

सोसायटीच्या एनओसीबद्दल आणि एजंटच्या हातात मूळ कागद द्यावेत का, याबद्दल बोलायचं होतं, पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली आहे. एवढं मात्र सांगते, झेरॉक्स द्या, मूळ शेअर सर्टिफिकेट देऊ नका. आणि घर परदेशातल्या मुलाच्या नावावर असेल तर नेहमीचा एक टक्का टीडीएस तिथे चालत नाही. घेणाऱ्याला बरीच मोठी रक्कम कापावी लागते. ती कमी करून घ्यायचा दाखला प्राप्तिकर खात्याकडून मिळतो, पण त्याला वेळ लागतो. गिऱ्हाईक येण्याची वाट न बघता आधी सीएला गाठा.