छाननीच्या टेबलावरची सुनावणी



मी बऱ्हाणपूरची. राज्यशास्त्र शिकते. आजचा विषय मला पुस्तकात फार उशिरा भेटला, घरात आधी भेटला होता.

२०२२ च्या पंचायत निवडणुकीत माझ्या काकूनं पंचपदासाठी फॉर्म भरला. वार्ड ओबीसी महिलेसाठी राखीव. काकूचं माहेर रावेर तालुक्यातलं. म्हणजे मोटरसायकलवर पाऊण तास, पण राज्य दुसरं. छाननीच्या दिवशी (आपल्याकडच्या सरकारी कागदावर तिला ‘संवीक्षा’ म्हणतात) कुणीतरी उठून म्हणालं, यांचा दाखला महाराष्ट्राचा आहे. पाच मिनिटांत फॉर्मवर ‘निरस्त’ असं लिहून झालं. बाई, तुमचं म्हणणं काय, असं काकूला कुणी विचारलं नाही. तिनंही काही मागितलं नाही. घरी आली, “निरस्त म्हणजे निरस्तच ना, जाऊ दे,” म्हणाली आणि केळीला पाणी द्यायला निघून गेली.

आता खरं सांगते, तो निर्णय कदाचित बरोबरही असेल. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आलेल्या माणसाला आरक्षणाचा हक्क आपोआप सोबत नेता येत नाही, हे अनुसूचित जाती-जमातींबद्दल सुप्रीम कोर्टानं १९९० मध्येच सांगितलंय. त्यामुळे काकूवर अन्याय झाला, ती जिंकली असती, असलं काही मी म्हणत नाही. मला टोचतं ते एवढंच, की तिला बोलायची संधी मिळाली नाही आणि फॉर्म का गेला हे आजही आमच्या घरात कुणाला नीट माहीत नाही.

कॉलेजात १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा वाचताना कलम ३६ वर आले आणि थांबले. हा कायदा लोकसभा-विधानसभेसाठी आहे, पंचायतीचे नियम राज्याचे वेगळे असतात, हे आधीच सांगून ठेवते. पण छाननी म्हणजे काय असायला हवं ते या कलमात दिसतं. किरकोळ, गाभ्याला धक्का न लावणाऱ्या चुकीसाठी अर्ज फेटाळायचा नाही. फेटाळलाच, तर कारण थोडक्यात पण लेखी नोंदवायचं. आणि पोटकलम ५ म्हणतं, की आक्षेप आला तर उमेदवाराला उत्तर द्यायला मुदत देता येईल, छाननीच्या दिवसानंतरच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. आमच्या सगळ्या नोट्समध्ये ‘नैसर्गिक न्याय’ हा मोठा शब्द आहे ना, तो निवडणुकीत या दोन दिवसांत मावतो.

गोची अशी, की तिथं ‘देता येईल’ लिहिलंय. ‘दिलीच पाहिजे’ नाही.

आणि हे दोन दिवस हातचे गेले, तर मग काय? लगेच कोर्टात जाता येतं का? नाही. पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत मद्रास राज्यातल्या नामक्कलचे एन. पी. पोन्नुस्वामी यांचा अर्ज फेटाळला गेला. ते हायकोर्टात गेले, तिथून सुप्रीम कोर्टात. २१ जानेवारी १९५२ ला निकाल आला: संविधानाच्या कलम ३२९(ब) मुळे मध्येच कोर्टाला हात घालता येणार नाही, निवडणूक संपू द्या, मग निवडणूक याचिका करा. त्यामागचं कारण मला पटतं. प्रत्येक फॉर्मवर स्थगिती मिळू लागली तर मतदान कधीच होणार नाही. पण मग ज्या टेबलावर पुढे दाद नाही, तिथली सुनावणी जास्त काळजीनं व्हायला नको का? आपल्याकडे उलटं चालतं. सगळ्यात घाईचं काम तेच.

रामटेकचं बघा. तो मतदारसंघही आपल्यासारखाच सीमेवरचा, मध्य प्रदेशाला टेकलेला, अनुसूचित जातीसाठी राखीव. २०२४ च्या लोकसभेला काँग्रेसनं रश्मी बर्वेंना उमेदवारी दिली. नागपूर जिल्हा परिषदेच्या त्या माजी अध्यक्ष. २८ मार्चला छाननी होती. त्याच दिवशी जात पडताळणी समितीनं त्यांचं जात वैधता प्रमाणपत्र रद्द केलं आणि त्याच दिवशी अर्ज बाद झाला. त्या कोर्टात गेल्या, पण निवडणूक लढवण्यापुरता दिलासा मिळाला नाही. १९ एप्रिलला मतदान झालं, जूनमध्ये निकाल लागला. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं समितीचा तो आदेशच रद्द केला.

म्हणजे आदेश टिकला नाही, पण त्या आदेशानं जे करायचं ते सहा महिने आधी करून ठेवलं होतं. त्यांचे पती श्यामकुमार बर्वे यांचा अर्ज होता, तो मंजूर झाला आणि ते निवडूनही आले. लोक म्हणतात, मग काय बिघडलं? सीट तर घरातच राहिली. मला हे वाक्य ऐकून चीड येते. पक्षाची सोय झाली, हे खरं. पण उमेदवारी तिची होती.

आपल्या मध्य प्रदेशातही त्याच निवडणुकीत खजुराहोला समाजवादी पक्षाच्या मीरा यादव यांचा अर्ज फेटाळला गेला. एका ठिकाणी सही नव्हती आणि मतदार यादीची प्रत नीट नव्हती, असं कारण दिलं गेलं. ती चूक गाभ्याची की किरकोळ, यावर वाद घालता येईल. पण कोट्यवधी रुपयांचा प्रचार करणारे पक्ष सहीसाठी अडकतात, तिथं आमची काकू कोण?

कायद्यात नंतरची दाद मात्र जोरदार आहे, हेही सांगायला हवं. कलम १०० प्रमाणे एकही अर्ज चुकीनं फेटाळला असं सिद्ध झालं, तर अख्खी निवडणूक रद्द. निकालावर फरक पडला का, हे दाखवावं लागत नाही. याचिका ४५ दिवसांत करायची, आणि ती फेटाळलेला उमेदवारच काय, त्या मतदारसंघातला साधा मतदारही करू शकतो. फक्त ती हायकोर्टात, वकील लावून, आणि निकाल कधी लागेल त्याची वाट बघत. आपल्या पंचायतीसाठी याचिका एसडीएमकडे जाते, मुदत तीसच दिवस. काकूचे तीस दिवस केळीच्या बागेत गेले.

आपण सीमेवरचे, म्हणून एक गंमत सांगते. बऱ्हाणपूरचा मतदार रावेरमधून लोकसभा लढवू शकतो, कारण लोकसभेला देशात कुठंही मतदार असलं तरी चालतं. विधानसभेला मात्र त्याच राज्यातला मतदार लागतो. राखीव जागांचंही तसंच: लोकसभेच्या राखीव जागेवर दुसऱ्या राज्यातल्या अनुसूचित जाती-जमातीचा माणूस साधारणपणे चालतो, विधानसभेच्या नाही. एकच दाखला, एकाच बाईचा, एका टेबलावर खरा आणि दुसऱ्या टेबलावर बिनकामाचा. आपल्या घरांमध्ये अर्ध्या सुना तापीच्या खालच्या अंगाच्या, जळगाव जिल्ह्यातल्या. आक्षेप आपल्यावरच येणार, हे धरून चला.

म्हणून मला तुमच्याकडून एक काम हवंय. कलम ३६ मध्ये छाननीला कोण बसू शकतं तेही दिलंय: उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी, एक प्रस्तावक आणि उमेदवारानं लेखी अधिकार दिलेला आणखी एक माणूस. तो चौथा माणूस आपल्यापैकी कुणी का असू नये? वकील असण्याची अट नाही. आक्षेप आला की उभं राहायचं, उत्तराला मुदत मागायची, तीही तोंडी नाही, कागदावर, वेळ टाकून. नाही दिली तर तसं लिहून मागायचं. फेटाळला तर कारणाची प्रत घेतल्याशिवाय हलायचं नाही. आणि एकाच उमेदवाराला चार अर्ज भरता येतात. एकातली सही राहिली तर दुसरा असतो. पंचायतीला यातलं काय लागू आहे, ते राज्याचे नियम आधी वाचून जायचं. मी ते वाचायला घेतलेत. भाषा अशी आहे की एका पानाला एक संध्याकाळ जाते.

अधिकाऱ्यांच्या बाजूनंही एक बोलते. एका दिवसात ढीगभर फॉर्म, समोर दोन्ही बाजूंची गर्दी, वरून फोन. त्यांनाही लेखी मागणी सोयीचीच असते. कागद पुढे असला की ओरडणाऱ्याला गप्प करता येतं.

परवा काकूला हे सगळं सांगत होते. ती भाकरी थापत होती, मध्येच थांबली. म्हणाली, “मग खुल्या वार्डातून भरला तर दाखलाच लागणार नाही ना?”

नाही लागणार, म्हटलं. तिनं विचारलं, “आणि तू येशील ना टेबलावर?”