चिल्काकाठचे बालुगाव

(हैदराबादेतील आपल्या मंडळाच्या हिवाळी सहलीच्या नियोजनासाठी भरलेल्या सभेत एका सभासदाने केलेले भाषण)



सहल-समितीने मला बालुगावात पाहण्यासारखे काय आहे तेवढे सांगायला उभे केले आहे. गेल्या बैठकीत एका वहिनींनी विचारले होते, "पुरी सोडून त्या मासळीच्या वासाच्या गावात कशाला उतरायचे?" प्रश्न रास्त आहे. वास आहेच, आणि तो लपवून मी तुम्हाला नेणार नाही.

आपल्याकडून हावड्याकडे जाणारी गाडी ब्रह्मपूर सोडून पुढे गेली की काही वेळाने उजव्या हाताला पाणी दिसू लागते. शाळेत ज्याला खारकच्छ म्हणून शिकलो, तेच हे चिल्का. पावसाळ्यात हजार-अकराशे चौरस किलोमीटर पसरते, उन्हाळ्यात नऊशेच्या आसपास येते. एका अंगाने महानदीच्या फाट्यांचे गोडे पाणी, दुसऱ्या अंगाने समुद्राची भरती. या मिसळीवर मासळी वाढते आणि मासळीवर बालुगाव जगते.

तेव्हा पहिले प्रेक्षणीय स्थळ म्हणजे सकाळचा बाजार. दोरीने नांग्या बांधलेले खेकडे, टोपल्यांतली कोळंबी, बोय, भेकटी. भेकटी म्हणजे आपला जिताडा, हे कोकणातल्या मंडळींनी तिथे लगेच ओळखावे. नऊ वाजता उठणाऱ्यांसाठी हा बाजार नाही.

दुसरे, कालीजाई. जवळच्या बरकुलहून होडीने या बेटावर जातात. जाई नावाची नवी नवरी वडिलांबरोबर पाण्यातून सासरी निघाली, वादळात होडी उलटली, बाकीचे वाचले, ती मात्र सापडली नाही, अशी कथा आहे. तीच पुढे देवी झाली. संक्रांतीला मोठी यात्रा भरते. ज्यांचा बाप, भाऊ, मुलगा रोज पाण्यावर जातो त्यांनी बुडालेल्या मुलीलाच रक्षणकर्ती मानले, हे मला त्या देवळाच्या बांधणीपेक्षा मोठे वाटते.

आपला मराठी संबंध विचाराल तर 1751 पासून 1803 पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. 1803 च्या सप्टेंबरात इंग्रजी फौज गंजामहून निघाली, ती चिल्का आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या पट्ट्यावरून पुरीला पोचली. वाटेत फारसे कोणी अडवले नाही. त्यामुळे तिथे गेल्यावर छाती फुगवण्याचे कारण नाही.

आता खरे बोलायचे ते या पाण्याविषयी. हे सरोवर आपल्या डोळ्यांदेखत मरायला टेकले होते. नद्यांचा गाळ साचला, समुद्राकडचे मुख सरकत दूर गेले आणि चिंचोळे झाले, खारटपणा उतरला, पाणवनस्पती माजल्या. ऐंशीच्या दशकात वर्षाला आठ हजार टनांपर्यंत जाणारी मासळी 1995-96 मध्ये तेराशे टनांच्याही खाली आली. त्यातच कोळंबीच्या पैशासाठी पाणी अडवून 'घेरी' बांधल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये चिल्काभोवतीच्या कोळंबी-शेतीला मनाई केली, तरी घेरी हटेनात. शेवटी 1999 च्या मे महिन्यात कोळ्यांनी स्वतःच त्या मोडायला सुरुवात केली, आणि सोराना गावी पोलिसांच्या गोळीबारात चार माणसे गेली. आपण बाजारात कोळंबीचा भाव करतो तेव्हा हे आठवत नाही.

सप्टेंबर 2000 मध्ये वाळूचा पट्टा कापून समुद्राला नवे मुख काढले. भरतीचे पाणी आत आले, त्याबरोबर मासळीची पिलेही आली. 2001-02 मध्ये उत्पन्न अकरा हजार टनांच्या वर गेले. एक कालवा काढला आणि गावाची चूल पेटली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण गाळ अजून येतोच आहे आणि मुखावर नजर ठेवावीच लागते.

समितीच्या कागदावर दुसऱ्या दिवशी 'सातपाडा, डॉल्फिन दर्शन' लिहिले आहे. तिथे एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी मी तिथे गेलो होतो. इरावडी जातीचे हे डॉल्फिन चोचीचे नसतात, डोके गोल, उड्या मारत नाहीत, श्वासापुरती पाठ वर काढतात. संपूर्ण चिल्कात ते दीडशेच्या आसपास. पैसे भरले होते, म्हणून मी नावाड्याला "आणखी जवळ घ्या" म्हणत राहिलो. तो नको म्हणत होता, मग गप्प झाला आणि त्याने इंजिन वाढवले. आणखी चार होड्या तिकडेच वळल्या. एक पाठ दिसली, पिलू बरोबर होते, आणि मग अर्धा तास काही नाही. पंख्याचे पाते लागून हे प्राणी जखमी होतात हे मला नंतर समजले. नावाड्याला ते आधीच ठाऊक होते.

म्हणून माझी सूचना अशी की तो दिवस मंगलाजोडीला द्यावा. महामार्गाने टांगी गाठायची आणि तिथून आत वळायचे. या गावात पूर्वी पक्षी मारून विकत. 2000 च्या सुमारास त्याच शिकाऱ्यांनी शिकार सोडून राखण पत्करली. आज तीच माणसे बांबूने होडी ढकलत तुम्हाला दलदलीतून नेतात, इंजिन नाही. शेकाट्या, चक्रवाक, जांभळी पाणकोंबडी इतक्या जवळून दिसतात की दुर्बीण खाली ठेवावी. पक्षी कुठे बसतो हे शिकाऱ्याइतके कोणाला कळणार! डिसेंबर-जानेवारी हा ऐन हंगाम आहे.

मुलांचा हिरमोड होईल हे मला मान्य आहे. माझ्या नातवाने तर कालपासून अबोला धरला आहे. सातपाड्याला जायचेच ठरले तर निदान दोन अटी घालू. होडी लांब थांबवायची, आणि नावाड्याला बक्षिशी डॉल्फिन दिसण्यावर ठेवायची नाही, आधीच द्यायची.

शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये, डालमा आणि भात सगळीकडे मिळतो. मंगलाजोडीच्या होडीत माणसे मोजकीच बसतात, तेव्हा नावे विसर्जनाच्या आत द्या. आणि हा बदल ज्यांना नको असेल त्यांनी आताच हात वर करावा, गाडीत बसल्यावर नाही.