छातीतलं पाणी, बाटलीतलं पाणी

वसई-विरारकर श्रोतेहो, खोकला २ आठवडे हटला नाही, तर ‘हवा बदलली’ म्हणत अंगावर काढू नका. क्षयरोगात कधी फुप्फुसाभोवती पाणी साचतं, त्याचा पूही होतो. मग बरगड्यांमधून नळी घालतात. तिचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवलेलं असतं. पू, हवा बाहेर येते, बाहेरची हवा मात्र आत शिरत नाही. युक्ती साधीच, पण जीव वाचवणारी! पू घट्ट होऊन त्याचं जाड आवरण फुप्फुसाला आवळू लागलं, तर ते शस्त्रक्रियेनं सोलून काढावं लागतं. मुंबई महापालिकेच्या शिवडी क्षयरोग रुग्णालयात छातीच्या शस्त्रक्रिया होतात. बहुतेकांचं मात्र ६ महिन्यांच्या गोळ्यांवरच भागतं. सरकारी केंद्रात थुंकीची तपासणी, औषधं मोफत आहेत. जरूर जा.