परक्या गावी घर करताना
(समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनात आपल्या समाजाचा इतिहास सांगावा, अशी प्रथा आहे. आज आम्ही मात्र देशाबाहेरून या जिल्ह्यात आलेल्या दोन व्यक्तींविषयी बोलणार आहोत. आपण पद्मशाली मंडळीही मूळची येथील नव्हे. आपले पूर्वज तेलंगणातून विणकामाचे कसब घेऊन आले. घरात तेलुगू आणि पेठेत मराठी, असा दुहेरी संसार आपल्या वडीलधाऱ्यांनी जन्मभर केला. तेव्हा परक्या गावी माणूस रुजतो तो कसा, हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

मिस सिंथिया फरार यांचा जन्म १७९५ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर प्रांतात झाला. १८२७ च्या अखेरीस त्या मुंबईस उतरल्या. परदेशी मिशनकार्यासाठी अमेरिकेतून पाठविण्यात आलेल्या सुरुवातीच्या अविवाहित महिलांपैकी त्या एक होत. मुंबईत त्यांनी मराठी आत्मसात केली व मुलींच्या शाळांची देखरेख केली. प्रकृती ढासळल्यामुळे १८३७ साली त्यांना मायदेशी परतावे लागले. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता. शिडाच्या जहाजातून महिनोन् महिने प्रवास करावा लागे. तरीही त्या पुन्हा निघाल्या आणि १८३९ साली अहमदनगरास आल्या. पुढे जानेवारी १८६२ मध्ये याच नगरीत त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या मिशनचा धर्मप्रसाराचा हेतू लपलेला नव्हता. मुलगी शिकली तर अनर्थ होईल, असे मानणारा तो काळ. परक्या बाईच्या हाती लेक सोपविताना आईबापांच्या मनात शंका येणे स्वाभाविक होते. असे असूनही मुली शाळेत येत राहिल्या. मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्यासमवेत जोतीराव फुले नगरास आले असता त्यांनी ही शाळा पाहिली आणि तिचा ठसा त्यांच्या मनावर उमटला. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या अध्यापन-प्रशिक्षणाशीही चरित्रकारांनी मिस फरार यांच्या नगरच्या कार्याचे नाव जोडले आहे.

दुसरे उदाहरण फादर हरमन बाखर यांचे. हे स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू १९४८ साली भारतात आले. बर्फाच्या डोंगरांतून आलेल्या या गृहस्थाचे उभे आयुष्य आपल्या अवर्षणग्रस्त माळरानांशी जोडले गेले. पावसाचे पाणी डोंगरमाथ्यावरच अडवावे, उतारावर समतल चर खणावेत, ओढ्यांना बांध घालावेत, झाडतोड व मोकाट चराई थांबवावी आणि गावाने स्वतः श्रमदान करावे, अशी ही पद्धती. तिच्या प्रसारासाठी १९९३ साली नगरमध्ये 'वॉटर' ही संस्था स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या गावांत हे काम उभे राहिले. २०२१ साली ते निवर्तले. खेड्यापाड्यांतील लोकांच्या तोंडी ते 'बाखरबाबा' होते. 'बाबा' ही पदवी कोणतेही सरकार देत नाही.

या दोघांनी गावाची भाषा धरली, गावाला हवे असलेले काम धरले आणि वर्षानुवर्षे ते सोडले नाही. मात्र रुजणे हे एकट्या रोपाच्या हाती नसते. मातीनेही त्याला थारा द्यावा लागतो. त्यांना थारा देणारी माणसे याच जिल्ह्यात होती.

येथे एक कटू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. गेल्या वर्षी आमच्याच गल्लीत उत्तरेकडून कामासाठी आलेले एक कुटुंब भाड्याची खोली मागत दारोदार फिरले. 'हे आपल्यातले नव्हेत' म्हणून त्यांना नकार मिळाला. नकार देणाऱ्यांत आम्हीही होतो. त्या बाईच्या कडेवर तान्हे मूल होते, हे आम्ही विसरू शकलो नाही. आपली आजी या पेठेत प्रथम उतरली तेव्हा तिच्या कडेवरही असेच मूल नसेल काय?

आज आपली मुले पुणे, हैदराबाद आणि थेट अमेरिकेतही बिऱ्हाड थाटीत आहेत. तेथे त्यांना कोणी दार उघडावे, असे आपणांस वाटते ना? मग खोली देताना भाडे जरूर विचारा, वर्तणूक पाहा. परंतु केवळ प्रांत किंवा जात ऐकून दार लावू नका. नव्या शेजारणीस हळदीकुंकवाला बोलवा, तिच्या मुलास शाळेची वाट दाखवा.

आमच्या हातून झालेली चूक आपल्या हातून न होवो, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.