नायगावच्या माहेरवाशिणीची पत्रं

खंडाळा तालुक्यातल्या नायगावी, खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी, ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. १८४० साली लग्न होऊन त्या पुण्याला गेल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पती जोतीरावांनी त्यांना शिकवलं आणि १८४८ साली भिडेवाड्यातल्या मुलींच्या शाळेत त्या शिकवू लागल्या. एवढं आपण सगळेच जाणतो. आज मला सांगायचं आहे ते त्यांनी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या दोन पत्रांविषयी.

पहिलं पत्र १० ऑक्टोबर १८५६ चं. आजारपणामुळे सावित्रीबाई माहेरी आल्या होत्या. भाऊ त्यांची सेवाही करत होता आणि बोलही लावत होता. महार-मांगांना शिकवून तुम्ही कुळाला बट्टा लावलात, असं त्याचं म्हणणं. सावित्रीबाईंनी त्याला विचारलं, नागपंचमीला तुम्ही विषारी नागाला दूध पाजता, मग माणसांचाच विटाळ का मानता? आई शेजारी बसून ऐकत होती.

दुसरं पत्र २९ ऑगस्ट १८६८ चं. एका ब्राह्मण तरुणाचं आणि महार मुलीचं प्रेम जमलं, मुलीला दिवस गेले. गावकरी दोघांच्या जिवावर उठले. हे कळताच सावित्रीबाई धावत गेल्या. खुनाला इंग्रज सरकारचा कायदा काय शिक्षा करतो, हे त्यांनी जमावाला ठणकावून सांगितलं, दोघांचे प्राण वाचवले आणि त्यांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवलं.

परक्यांशी भांडायला धैर्य लागतंच. पण ज्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं, त्यांना नाही म्हणणं त्याहून कठीण. जिव्हाळा न तोडता हेही करता येतं, हे सावित्रीबाईंनी करून दाखवलं. शिकलेली लेक माहेरी येऊन न्यायाचा शब्द बोलू शकते, हे नायगावनं दीडशे वर्षांपूर्वी पाहिलं.

आज आपल्या मुली शिरवळला, साताऱ्याला, पुण्याला शिकायला जातात. सुट्टीत घरी आल्या की धाकट्या बहिणीच्या लग्नाची घाई, जातीबाहेरच्या मैत्रिणीचं येणं-जाणं, हे विषय निघतातच. मुलींनो, तेव्हा गप्प बसू नका. आणि आईवडिलांनो, भावांनो, तिचं बोलणं पूर्ण होऊ द्या. आपण तिला शिकवलं, ते तिनं विचार करावा म्हणूनच ना?